मिठातला पाहुणा

आपा, बरणी अजून आमच्या खिडकीत आहे, आणि अजून लाल आहे. तू गेल्याचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत तिच्यात पासलीच्या झऱ्याचं पाणी घालायचं, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. मी घातलेलं नाही. गेलेल्या माणसाला लिहिताना लोक आधी त्याचे गुण गातात. मी आधी माझा आळस सांगतो, म्हणजे तुला ओळख पटेल की लिहिणारा आपलाच सलीम आहे.

आळस म्हणतोय खरा, पण रेहानाचं मत वेगळं आहे. "तुम्ही घाबरता," ती म्हणाली. "ग्रामसेवक आहात. गावोगाव पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायला शिकवता, आणि एका बरणीत वाटीभर पाणी ओतायला हात कापतो तुमचा." बायको असं बोलली की माणसानं पेपर उघडावा. मी उघडला.

ती स्वतः मात्र त्या खिडकीतली धूळ पुसत नाही. तिचं म्हणणं, बरणी बघते. परवा तिनं हिंमत करून बरणी फिरवली आणि दाट लाल बाजू खोलीकडं करून ठेवली. दुपार कलली तेव्हा लाली आतल्या आत सरकून परत उजेडाच्या बाजूला जाऊन बसली होती. रेहानानं तोंडाला पदर लावला आणि चहा टाकायला गेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "उजेडाकडं जातात ते. त्यात काय बघायचं?" बरोबर आहे. पण तू नाहीस, आणि तू नसताना त्यांचं उजेडाकडं जाणं वेगळं दिसतं, त्याला मी काय करू?

बरणीच्या तोंडाशी आता मिठाचे खडे धरलेत. बाहेरून पांढरे, पोटात गुलाबी. त्यातला एक खिडकीच्या कट्ट्यावर पडला. आमच्या घरातल्या मुंग्या कशालाही सोडत नाहीत, पण त्यांची रांग त्या खड्याला वळसा घालून जाते.

माझ्या आठवणीत तू पहिल्यांदा आहेस ती सारोळ्याच्या वखारीत. फुफी, म्हणजे तुझी अम्मी, लवकर गेली आणि तू आमच्याच घरात वाढलीस. अब्बा तुझे मामू, पण तुझं त्यांच्यापुढं माझ्यापेक्षा जास्त चालायचं. नीरेच्या पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून आपली पत्र्याची वखार. भोरातून आणि हायवेच्या गावांतून बकऱ्याची कातडी गोळा करायची, मीठ मारायचं, थप्पी लावायची, टेम्पो भरला की कारखान्याकडं धाडायची. थप्पीतून झिरपणारं खारं पाणी मागच्या हौदात जायचं. आपल्या कपड्यांना त्या सगळ्याचा वास असायचा. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे, त्यामुळं बरीच वर्षं माझा समज होता की आपण फार मोठ्या घरचे आहोत.

मिठात काही जगत नाही, ही अब्बांची श्रद्धा होती. धर्माच्या खालोखाल तिचाच नंबर. "मीठ मारलं की मामला खतम. सडायची बातच न्हाई," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. आणि तरी उन्हाळ्यातल्या बकरी ईदनंतर कधी थप्पी उघडावी, तर मांसाच्या बाजूला लाल ठिपके. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचे डाग, मग डागांचे पट्टे. धोंडूनाना थप्प्या लावायचे. ते तर दारातच थांबायचे.

"मालक, माल रगात सोडतुया. मेलेलं जनावर, मीठ मारून इतकं दिस झालं, आन आता कुठनं आलं रगात? ह्ये आपल्या हातचं काम न्हाई."

अब्बा म्हणायचे, कुणाची तरी नजर आहे. मग ज्यानं ज्यानं त्या आठवड्यात वखारीत डोकावलं होतं त्या सगळ्यांवर संशय. एका वर्षी तर पोस्टमनवर होता. पण लाली घरातलीच होती. अब्बांची एक रीत होती, आठवते? जुनी थप्पी उतरली की खालचं मीठ झाडून, चाळून ठेवायचं आणि नव्या मिठात त्याची एक पाटी मिसळायची. "मुरल्यालं मीठ हाय. नवं मीठ बिथरतं, जुनं त्याला वळण लावतं." दुधाला विरजण लावावं तसं ते नव्या मालाला लाली लावत होते, दर साली, मोठ्या मायेनं.

तू पुण्याला एमएस्सीला होतीस त्या साली सुट्टीत आलीस. लाल डागावरून बोट फिरवलंस, वास घेतलास. "नाना, हे रक्त नाही," तू म्हणालीस. "हे जिवंत आहे."

नाना दोन पावलं मागं सरले. "त्याच्यापरीस रगात बरं हुतं, ताई."

अब्बा विचारत होते, जिवंत म्हणजे कोण? तू कातडीवर बसूनच समजावलंस. झाडं, जनावरं, माणसं एका घरातली. बॅक्टेरिया दुसऱ्या घरातले. हे तिसऱ्या घरातले, यांना आर्किया म्हणतात. एकेक पेशीचा एकेक जीव. बाहेरून बॅक्टेरियासारखे दिसतात, पण आतला कारभार बराचसा आपल्यासारखा. मीठ नसलं तर मरतात. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी ना हिकडचे ना तिकडचे. मंग मतदार यादीत नाव कुठं लावलंय त्यांचं?"

तुझ्या सांगण्यावरून जुनं मीठ खड्डा करून पुरलं, आणि कोकणातून कोरं मीठ आणलं. माल महिनाभर पांढरा राहिला. तू पुण्यात पेढे वाटलेस म्हणे. मग तोही लाल झाला. ते कोऱ्या मिठातही होते, मिठागरातच खड्यात कोंडून आलेले. जुन्या मिठानं फक्त त्यांना घाई व्हायची. अब्बांनी त्या खेपेला 'पीएचडीचं मीठ' नाव ठेवलं, अजून तुझी पीएचडी सुरूही झाली नव्हती तेव्हा. आणि तू हरल्याचं दुःख करायचं सोडून खडे उजेडात धरून बघत बसलीस. मलाही एक दिलास. खड्याच्या पोटात पाण्याचा बारीक थेंब, थेंबात हवेचा बुडबुडा. खडा कलला की बुडबुडा सरकायचा.

"त्या थेंबात आहेत," तू म्हणालीस. "वाढत नाहीत, दुभागत नाहीत, मरत नाहीत. थांबलेत."

"किती दिवस थांबतात?"

"कुणाला ठाऊक. आपल्यापेक्षा जास्त."

मी तो खडा हातातून टाकून दिला होता. तू हसलीस. मी अजून रात्री भाजीत मीठ टाकताना आधी बघून घेतो.

पुढं तू त्यांच्यातच रमलीस. कॉलेजातनं मोडीत काढलेली एक सूक्ष्मदर्शक दुर्बीण, खाली आरसा असलेली, घेऊन भोरला घरी आलीस. ती खिडकीत लावून, हौदातल्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून मला बोलावलंस. मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या, त्यांचं मी बरंच कौतुकही केलं. मग दिसले ते. चपटे, काठीसारखे, काही चक्क तिकोनी. एकाची कंबर आवळली जात होती. परकराची नाडी ओढावी तशी, तू सांगितलंस. आधी पेशी स्वतःच्या सगळ्या सूचनांची नक्कल करते. नक्कल पुरी झाली की कमरेला आतून एक कडं पडतं. ते आवळत जातं, आणि एकाचे दोन होतात. कधी नक्कल करायची, कधी थांबायचं, कधी आवळायचं, याचा तिथं हुकूम कोण देतो ते तुला शोधायचं होतं.

मग दुसरी काच. तिच्यातल्या पेशी लांबत चालल्या होत्या, फुगत चालल्या होत्या. नाडी कुठंच ओढलेली नव्हती.

"दुभागायचं विसरल्या का?" मी विचारलं.

"विसरल्या नाहीत. मला वाटतं, कोणीतरी अडवलंय. आत पाहुणा आहे, सलीम. विषाणू. तो स्वतः काही करत नाही, घरातल्या माणसांकडूनच करून घेतो." मग तू आवाज खाली आणलास, जणू काचेवरच्यांनी ऐकू नये. "पाणी कडक खारट आहे तोवर हा गप्प. घरधनी दुभागला की त्याच्याबरोबर हाही वाटला जातो, कुणाला पत्ता नाही. पाणी पातळ झालं, की याला कळतं आता हे घर टिकत नाही. मग उठतो. आतल्या आत स्वतःच्या नकला करतो आणि घर फोडून बाहेर पडतो. पातळ पाण्याचं पुष्कळांनी बघितलंय. नाडी अडवण्याचा माझा नुसता संशय आहे."

एवढं बोलून तू गप्प राहायला हवं होतंस, कारण समोर मी होतो. मी लगेच गोष्ट रचायला घेतली: एका घरी पाहुणा येतो, सगळ्यांबरोबर जेवतो, पोरांना खेळवतो, आणि त्या घरातली लग्नं जुळायची बंद होतात. माझ्या मते झकास जमत होती. तू दुर्बिणीचा आरसा उलटा केलास. काळोख.

"गोष्ट करू नकोस त्यांची. त्यांना काही म्हणायचं नाहीये. जे झालं ते सांग, बस्स."

"नुसतं झालं ते कोण ऐकणार?"

"मी ऐकेन."

हे भांडण आपण पुढं सगळी वर्षं चालवलं. ईदला, लग्नांत, फोनवर. मी म्हणायचो, अर्थ नसलेली गोष्ट म्हणजे बिनमिठाची खिचडी. तू म्हणायचीस, तुझ्या प्रत्येक खिचडीत मीठ जास्त असतं. भांडण मिटायच्या आधी तू उठून गेलीस. तुझ्या स्वभावात बसत नाही हे.

हायवे रुंद करायला घेतला तेव्हा वखार गेली. अब्बा तोवर थकले होते, धंदा बंदच होता. पत्रे निघाले, भिंती पडल्या, आणि मागचा हौद इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उघड्या उन्हात आला. आठवड्याभरात त्यातलं उरलेलं पाणी काठोकाठ लाल झालं. साधं लाल नाही. थांबलेल्या टेम्पोतले लोक खाली उतरून बघायचे आणि परत चढायचे. कुत्री काठाशी यायची आणि पाणी न पिता जायची. शेवटी पोलीस पाटील आला. तेवढ्यात तूही पुण्याहून आलीस, हातात ही बरणी.

"मॅडम, खरं सांगा, कोन हाय आत? कुनाचा खून झालाय?"

"कुणाचाच नाही, पाटील. उलट यात कोट्यवधी जिवंत आहेत."

सगळी गर्दी एकदम मागं सरकली. खून असता तर लोक थांबले असते. तू एकटी काठावर वाकून बरणी भरत होतीस. मला आठवतं, भरून झाल्यावरही तू वाकलेलीच राहिलीस. मला वाटलं, पाण्यात काही बघतेस.

तुझं दुखणं तुला तेव्हाच माहीत होतं, आपा. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, दवाखान्याच्या जिन्यात, डॉक्टर सहज बोलून गेले तेव्हा: यांना तर आधीपासून कल्पना आहे. तू कॉलेजात शिकवत होतीस, ईदला शीरखुर्म्यात साखर जास्त झाली म्हणून रेहानाशी वाद घालत होतीस, माझ्या गोष्टींना नावं ठेवत होतीस, आणि कुणाला पत्ता नव्हता. मी खोलीत आलो आणि तोंड उघडलं. तू ओळखलंस.

"माझ्या पेशींची आणि बरणीतल्यांची सोयरीक जुळवू नकोस. खबरदार."

"मी कुठं काय बोललो?"

"नाकपुड्या फुगल्यात तुझ्या. गोष्ट आली की फुगतात."

मग तू काम सांगितलंस. बरणी हौदातून भरली तेव्हापासून बंद होती. पाहुणा अजून आत आहे का, एवढंच तुला बघायचं होतं आणि राहून गेलं होतं. अर्धं लाल पाणी दुसऱ्या बरणीत काढायचं आणि तसंच ठेवायचं. उरलेल्या अर्ध्यात, दोन वाट्यांना एक वाटी, या मापानं गोडं पाणी घालायचं. "जास्त घातलंस तर पाहुणा नसला तरी ते फुटतील. कमी घातलंस तर पाहुणा उठायचा नाही. नळाचं नको, पावडर असते. पासलीला ज्या झऱ्यात तू अजून पावडर टाकलेली नाहीस, तिथलं आण."

"आणि मग?"

"काय झालं ते मला सांग."

"कधी सांगू?" मी विचारलं. तू डोळे मिटून घेतले होतेस. झोपली होतीस की उत्तर द्यायचं नव्हतं, कळलं नाही.

आता मी घाबरतो ते का, ऐक. तुझे कपडे वाटून झाले. पुस्तकं कॉलेजला गेली. दुर्बीण कोण घेऊन गेलं कुणास ठाऊक. तू स्वतःच्या हातानं भरलेलं आणि अजून हलणारं असं या घरात एवढंच आहे. त्यात पाणी ओतायचं आणि ते मरतात का बघायचं, हे तू मला सांगितलंस. पंचनामा करायला तुला जगात मीच सापडलो.

*

वरचं लिहून काही दिवस तसंच पडलं होतं. आता पुढचं.

बुधवारी पासलीला ड्यूटी होती. कॅन घेऊन गेलो. भातखाचरांच्या वरच्या अंगाला एक झरा आहे, तिथं एक म्हातारी हंडा भरत होती. मी कॅन लावला तशी ती बघत राहिली.

"भाऊसाहेब, तुमीच म्हनता ह्ये पानी पिऊ नगा. आन तुमीच नेता व्हय?"

"प्यायला नाही, आजी. बहिणीचं काम आहे."

"कुठं असती भन?"

मी वाकून कॅन सरळ करत राहिलो. तिनं माझ्या हातातून कॅन घेतला, झऱ्याच्या मधल्या धारेखाली धरला आणि भरून दिला. "कडंचं घिऊ नगा. मधलं गार असतंय," एवढंच म्हणाली.

परतीच्या एसटीत मार्गासनीला एक जण शेजारी येऊन बसला. कॅन मांडीवर बघून त्यानं विचारलं, कुठल्या देवाचं पाणी? मी म्हणालो, आपाचं. त्यानं कॅनला हात लावून कपाळाला लावला. गोष्ट केली नाही, आपा, नोंद घे.

घरी रेहानानं तिखटाची एक बरणी रिकामी करून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. मी न सांगता. अर्धं लाल पाणी तिच्यात काढलं. ओतताना वास आला, सारोळ्याचा. अब्बा आतल्या खोलीत खाटेवर होते. त्यांना हल्ली आमची नावंही धड आठवत नाहीत. त्यांनी तुझ्या नावानं हाक मारली, "शमीम आली का गं?" रेहानाचा हात थांबला. मग तुझ्या वतीनं तीच म्हणाली, "हो, मामूजान. मिठाचं बघतेय." अब्बा म्हणाले, बरं, आणि कुशीवर वळले.

मग तुझ्या बरणीत पाणी. दोन वाट्यांना एक. माझा हात कापला, हे रेहाना कुणालाही सांगेल, म्हणून मीच सांगतो.

पहिल्या दिवशी दोन्ही लाल. म्हटलं, पाहुणा गेला असेल एवढ्या वर्षांत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी घातलेल्या बरणीतली लाली उजेडाकडं गेली नाही. जिथल्या तिथं राहिली. त्याच्या पुढच्या सकाळी बरणी स्वच्छ होती. पलीकडचा रस्ता, एसटी स्टँडकडं जाणारे लोक, सगळं तिच्यातून दिसत होतं. तळाला थोडा फिकट गाळ. तिखटाच्या बरणीतलं पाणी तसंच लाल, उजेडाला चिकटून.

होता, आपा. पाहुणा आत होता. सगळी वर्षं.

नाकपुड्या फुगल्या माझ्या, मला कळलं. मी त्या दाबून धरल्या. झालं ते सांगितलं, बस्स.

रेहाना म्हणाली, "आता बघत नाही ती." आणि तिनं तुझी बरणी फडक्यानं पुसून उन्हात ठेवली, काच चमकवली. त्या स्वच्छ पाण्यात आता फक्त पाहुणे आहेत, अगणित, गप्प, हे मी तिला सांगितलं नाही. रात्री खिडकीकडं पाठ करून मी झोपतो, तेव्हा मला लाल बरणीची भीती वाटत नाही, त्या स्वच्छ दिसणारीची वाटते.

हे सगळं तुला सांगून झालं, आणि मला तुझं पुढचं वाक्य ऐकू आलं. आलंच. तू ते प्रत्येक वेळी म्हणायचीस, पहिल्या पांढऱ्या मालाचे पेढे वाटल्यापासून: "एकदा झालं म्हणजे झालं नाही. परत करून बघ."

म्हणजे उरलेल्या लाल पाण्याचे परत दोन भाग करायचे. एकात पाणी, एक तसंच. मग त्या तशाच ठेवलेल्याचे पुन्हा दोन. मी रेहानाला म्हटलं, असं किती वेळा करायचं? ती जेवण वाढत होती. तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "हळदीची बरणी संपत आलीय. उद्या धुऊन ठेवते. तुम्ही पासलीहून पाणी आणा."